प्रश्न तुमचे : कोरियन विद्यार्थी आणि आपला मराठी कान

या खेपेला पाच पत्रं एकाच विषयावर आली. घरी बसून कोरियन माणसांना ऑनलाइन इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्यांचे हे प्रश्न एकत्रच घेतले आहेत. इंग्रजी शब्द देवनागरीत दिले आहेत. ते मोठ्याने म्हणत वाचा, नुसत्या डोळ्यांनी वाचून उपयोग नाही.

प्रश्न : मी एका कोरियन इंजिनिअरला आठवड्यातून तीनदा अर्धा तास शिकवते. मी 'पेन' म्हटलं की तो चॅटमध्ये 'बेन' लिहून राहिला. माझा 'प' तर स्पष्ट आहे. चूक त्याच्या कानाची की माझ्या तोंडाची? (दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : थोडी दोघांचीही, पण दुरुस्ती तुमच्यापासून सुरू करा. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या 'प'बरोबर हवेचा झोत बाहेर पडतो. आपला 'प' कोरडा असतो. कोरियनमध्ये 'प'च्या घरात तीन व्यंजनं आहेत : एक सैल, एक घट्ट दाबलेलं, एक झोताचं. शब्दाच्या सुरुवातीला या तिन्हींत गळा घुमत नाही, म्हणजे आपल्या 'बैल'मधला 'ब' त्यांच्याकडे तिथे नसतोच. तुमचा कोरडा 'प' त्यांच्या कानात घट्ट व्यंजनाच्या खान्यात जाऊन पडतो, आणि 'बस'सारखे इंग्रजी 'ब'चे शब्दही त्यांच्या बोलण्यात बरेचदा त्याच खान्यात असतात. म्हणून 'पेन'चं 'बेन'. 'बुसान' शहराचं नाव पूर्वी रोमन लिपीत 'प'ने लिहीत. २००० साली सरकारी लेखनपद्धत बदलली आणि ते 'ब'ने लिहू लागले. कोरियन माणसाचा उच्चार तोच राहिला.

वहीच्या पानाची दोन बोटं रुंद पट्टी कापा आणि ओठांपुढे चार बोटांच्या अंतरावर धरा. 'पेन', 'पार्क', 'पोस्ट' म्हणताना पट्टी हलली पाहिजे. 'स्पिन', 'स्पून' म्हणताना हलता कामा नये, कारण 'स'नंतर इंग्रजीतही झोत नसतो. हलत नसेल तर 'फणस' शब्दातला, ओठ मिटून सुटणारा जुन्या वळणाचा 'फ' आठवा. इंग्रजी 'पेन'चा 'प' त्याच्या बराच जवळ आहे. 'टी' आणि 'की'लाही हीच पट्टी चालते. आता हेही लक्षात येईल की तुम्ही 'कॉफी' याच 'फणस'वाल्या 'फ'ने म्हणत असाल, तर विद्यार्थ्याची 'कॉपी' आणि तुमची 'कॉफी' यांत फरकच उरत नाही. इंग्रजी 'एफ'साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हवा सोडायची. आरशात दात दिसले पाहिजेत.

आपल्या बाजूच्या आणखी तीन गोष्टी दुरुस्त करा. 'व्हेरी'ला दात ओठावर टेकतात, 'वेल'ला ओठ नुसते गोल होतात. आपण दोन्ही एकाच 'व'वर भागवतो. 'थिंक'मध्ये जीभ दातांच्या मधे येऊन हवा वाहती राहते. आपला 'थ' हवा अडवतो. आणि 'टीचर'चा 'ट' जीभ मागे वळवून म्हणू नका, टोक वरच्या दातांमागच्या उंचवट्यावर टेकवा. कोरियन विद्यार्थी 'थिंक'ला 'सिंक' म्हणतो. तुमची चूक निराळी, त्याची निराळी, त्यामुळे तुमचं ऐकून त्याला काहीच उमगत नाही.

प्रश्न : 'राइट' आणि 'लाइट' यांतला फरक महिनाभर घोटला तरी जमत नाही. शिवाय 'लंच'चं 'लंची' आणि 'बस'चं 'बसू' होतं. कोणता सराव द्यावा? (आर्णी, जि. यवतमाळ)

उत्तर : महिनाभर तुम्ही आपल्या 'र'ने शिकवलं असेल तर तो जमणारच नव्हता. कोरियनमध्ये 'र' आणि 'ल' मिळून एकच अक्षर आहे, त्याचं नाव रिउल. दोन स्वरांच्या मधे ते आपल्या 'र'सारखं, जीभ एकदा झटकून निघतं. शब्दाच्या शेवटी 'ल'सारखं वाजतं. म्हणजे तुमचा 'राइट' त्याच्या कानाला त्याचंच घरचं अक्षर आहे. ज्यांच्या बोलीत 'डोळा'चा 'डोया' होतो, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही : जिभेत दोष नसतो, कानाने खाने वेगळे पाडलेले असतात.

इंग्रजी 'आर'ला जीभ कुठेच टेकत नाही. ओठ 'ऊ'सारखे गोल करायला सांगा, मग 'ऊ-राइट', 'ऊ-रेड'. आठवड्याभराने 'ऊ' आखूड करत न्या. 'एल'ला जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकवून दोन सेकंद तिथेच धरून ठेवायचं आणि मग सोडायचं. कोरियन लिपीत परकी नावं लिहिताना मधल्या 'ल'साठी रिउल दोनदा लिहितात. 'लाइटच्या आधी एक जास्तीचा रिउल धर' एवढं म्हटलं की बहुतेकांना पटकन कळतं.

बोलण्याआधी कान तयार करा. 'राइट-लाइट', 'रोड-लोड', 'रॉक-लॉक', 'करेक्ट-कलेक्ट', 'प्रे-प्ले' यांतले दहा शब्द उलटसुलट म्हणा आणि त्याला टाइप करू द्या. दहापैकी आठ बरोबर येईपर्यंत त्याला बोलायला लावू नका. जो फरक ऐकूच येत नाही तो तोंडात कुठून येणार? मग उलटं करा : तो वाचेल, तुम्ही टाइप कराल. या वेळी तुमच्याकडची चित्रखिडकी झाका, नाहीतर तुम्ही ओठ पाहून ओळखता आणि त्याला उगाच शाबासकी मिळते.

'लंची', 'बसू'चं कारण वेगळं आहे. कोरियन शब्दाच्या शेवटी सातच व्यंजनध्वनी येऊ शकतात : क, त, प, न, म, ङ आणि ल. 'स', 'च', 'श' तिथे बसत नाहीत, म्हणून मागे स्वर जोडला जातो. जोडव्यंजनंही सुटी होतात : 'स्ट्राइक'चे पाच तुकडे पडतात, 'क्रिसमस'चेही पाच. आपण 'स्टेशन'चं 'टेशन' करून 'स' गाळतो, ते स्वर घालून वाढवतात. यावर टाळी हाच उपाय. 'स्ट्राइक' एक टाळी, 'क्रिसमस' दोन, 'आइसक्रीम' दोन. तोंड आणि टाळ्या जुळेना तर शब्द मागून जोडत आणा : 'राइक', 'ट्राइक', 'स्ट्राइक'. 'बस'साठी शेवटचा 'स' तीन सेकंद लांबवून तोंड तसंच ठेवून थांबायला सांगा. तोंड उघडलं की स्वर आलाच.

प्रश्न : माझी विद्यार्थिनी 'गुड नाइट'ला 'गुन्नाइट' आणि 'बिग मॅन'ला 'बिङ्मॅन' म्हणते. हा आळस आहे का? (चिमूर, जि. चंद्रपूर)

उत्तर : नाही, ही संधी आहे, आणि ती तुम्ही शाळेत शिकला आहात. जगत् + नाथ = जगन्नाथ, वाक् + मय = वाङ्मय. कोरियन बोलताना क-त-प पुढे 'न' किंवा 'म' आला की असंच होतं, तेही न चुकता. 'ऑनलाइन'चं 'ऑल्लाइन' झालं तर तीही आपली 'तल्लीन'ची चाल. पहिल्या शब्दानंतर बारीक थांबा द्यायला सांगा, 'गुड / नाइट', आणि मग थांबा कमी करत न्या.

प्रश्न : विद्यार्थिनी हुशार, शब्द भरपूर, पण बोलायची वेळ आली की गप्प. 'डोन्ट यू लाइक इट?' विचारलं की 'येस' म्हणते आणि नंतर कळतं की तिला आवडलेलंच नाही. (मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : तिथल्या महाविद्यालय प्रवेशपरीक्षेत इंग्रजीचे ४५ प्रश्न ७० मिनिटांत सोडवायचे असतात. त्यातले १७ ऐकण्याचे, बाकीचे वाचनाचे. बोलण्याचा एकही नाही. डोक्यात शब्दांचं कोठार असतं आणि जीभ मात्र बिनवापराची. प्रश्न विचारल्यावर मनात सात आकडे मोजा. आपण तीन मोजतो आणि स्वतःच उत्तर देऊन टाकतो. 'एनी क्वेश्चन्स?' विचारू नका, उत्तर ठरलेलं 'नो' येतं. 'सोमवार जड गेला की शुक्रवार? का?' असं विचारा.

'येस'चा घोळ तुम्हाला उशिरा कळतो, कारण आपणही तेच करतो. 'चहा नको?' 'हो, नको.' कोरियनमध्येही समोरच्याचं म्हणणं खरं असेल तर 'हो'. इंग्रजीत मात्र आवडत नसेल तर प्रश्न कसाही असो, 'नो, आय डोन्ट'. पाच मिनिटं फक्त नकारार्थी प्रश्न विचारा आणि एकट्या 'येस-नो'वर सोडू नका, पूर्ण वाक्य घ्या.

अशा जागांची यादी भिंतीवर चिकटवून ठेवा. तुमच्या मराठी कानाला जे खटकत नाही तेच निसटतं. 'अवर मदर' : आपली 'आमची आई', त्यांचीही 'आमची आई', इंग्रजीत 'माय'. 'अ पेन', 'द पेन' यांतले 'अ' आणि 'द' मराठीतही नाहीत, कोरियनमध्येही नाहीत, म्हणून गळले तरी कळत नाही. 'शिप-शीप', 'लिव्ह-लीव्ह' : ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहितो, बोलताना फारसं पाळत नाही, आणि कोरियनमध्येही तो भेद नाही. इथे लांबीपेक्षा जबडा सैल सोडण्याला महत्त्व आहे. याउलट 'सी'चं 'शी', 'झू'चं 'जू' आणि 'बॅड'चं 'बेड' तुमचा कान लगेच पकडेल, त्याची चिंता नको.

ती तुम्हाला 'यू' न म्हणता प्रत्येक वाक्यात 'टीचर' म्हणत असेल तर तो मान आहे. शिक्षकाला 'तू' म्हणायची कोरियनमध्ये सोय नाही, जशी आपल्याकडे सरांना 'अरे' म्हणायची नाही. 'यू' चालतं असं पहिल्याच दिवशी सांगून टाका. काही शब्दांचे तिकडचे अर्थही जाणून घ्या : 'हँडफोन' म्हणजे मोबाइल, 'नोटबुक' म्हणजे लॅपटॉप, 'सर्व्हिस' म्हणजे दुकानदाराने फुकट दिलेलं, 'आय शॉपिंग' म्हणजे न घेता नुसतं बघत फिरणं. परीक्षेतल्या चोरीला ते 'कनिंग' म्हणतात. त्यावर हसू नका. आपली 'कॉपी'ही त्या अर्थाने इंग्रजी नाही, शब्द 'चीटिंग' आहे.

चुका बोलताना मधेच तोडून सांगू नका, चॅटमध्ये लिहीत जा आणि शेवटची पाच मिनिटं त्यांना द्या. पंचवीस मिनिटांच्या तासात दोनच ध्वनी घ्या, जास्त नाही. नोकरीसाठी तिला 'ओपिक' किंवा 'टोइक स्पीकिंग' ही इंग्रजी बोलण्याची परीक्षा द्यायची आहे का, हे मात्र आधी विचारा. 'टोइक स्पीकिंग'मध्ये ११ प्रश्न असतात आणि पहिले दोन मोठ्याने वाचायचे : ४५ सेकंद तयारी, ४५ सेकंद वाचन. तसं असेल तर दर तासाला घड्याळ लावून एक उतारा वाचून घ्या.

प्रश्न : वेळ कोणती ठेवावी? आणि आमच्याकडे लाइट व कूलर, दोन्हींचा त्रास आहे. (गोंडपिंपरी, जि. चंद्रपूर)

उत्तर : कोरिया आपल्या साडेतीन तास पुढे आहे आणि तिथे उन्हाळी घड्याळ नाही, त्यामुळे हिशेब बारमाही एकच. त्यांची दुपारच्या जेवणाची सुटी म्हणजे आपले सकाळचे साडेआठ ते साडेनऊ. सोलमधल्या खासगी शिकवण्या रात्री दहाला बंद कराव्या लागतात, म्हणजे शाळकरी मुलं आपल्या साडेसहानंतर मोकळी होतात. ऑफिसआधी सकाळी सातला शिकणारे आपल्या पहाटे साडेतीनला हजर. रात्रीच्या लाइटवर ओलीत करणाऱ्या घरांना ही वेळ नवी नाही. चुसॉक हा त्यांचा मोठा सण बहुतेक वर्षी आपल्या भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास येतो. ते तीन दिवस तास धरू नका.

राउटरसाठी छोटा मिनी यूपीएस घ्या आणि मोबाइलचं हॉटस्पॉट आधीच जोडून तपासून ठेवा. व्हिडिओ कॉलला तासाला साधारण अर्धा ते दीड जीबी डेटा जातो, तेव्हा रोजच्या पॅकचं गणित करा. नेट मंदावलं तर चित्राचा दर्जा कमी करा, पण चित्र बंद करू नका, ओठ दिसायला हवेत. साध्या फोनवर हा विषय शिकवू नका. जुन्या पद्धतीच्या फोनलाइनवर ३४०० हर्ट्झच्या वरचा आवाज कापला जातो आणि 'स' व 'फ' यांतला फरक नेमका तिथेच असतो.

कूलरचा घोंगाट दाबायला अॅपमधलं 'नॉइज सप्रेशन' पूर्ण चढवू नका. 'स', 'फ', 'थ' हे ध्वनीही सळसळीचेच, ते कूलरबरोबर पुसले जातात. त्यापेक्षा तारेचा हेडफोन घ्या, माइक ओठांच्या बाजूला चार बोटांवर ठेवा आणि तेवढी पंचवीस मिनिटं कूलर बंद करा. तासाच्या आधी अर्धा तास तो लावून खोली गार करून घ्यायची. टिनाच्या खोलीत आवाज घुमतो, तेव्हा लॅपटॉपच्या मागे दोरीवर दोन गोधड्या टांगा. पाऊस टिनावर वाजू लागला तर मात्र गोधड्यांनी भागत नाही. तास दुसऱ्या खोलीत न्या, नाहीतर पुढे ढकला.