तिशीनंतरचे पिंपल्स नुसतं खाणंपिणं आणि रुटीन बदलून जातात का? माझे अर्धे गेले

अगं, तू ३१ ची आणि मी ३६ ची म्हणून सरळ अगंतुगं करतेय, राग मानू नकोस. तू विचारलंयस की कॉलेजात असताना एक पुटकुळी आली नाही आणि आता हनुवटीवर, जबड्याच्या कडेकडेने मोठे दुखरे पिंपल्स येतायत, गोळ्या-औषधं नकोत, नुसतं डाएट आणि लाइफस्टाइल बदलून जातील का. माझं ३२ व्या वर्षी डिट्टो हेच झालं होतं. घाईत असशील तर एवढंच वाच की खाणं आणि झोप बदलून माझे साधारण अर्धे गेले, उरलेले मटारच्या दाण्याएवढ्या क्रीमने गेले आणि सगळं मिळून पाच महिने लागले.

मी राहते ठाण्याला घोडबंदर रोडवर, ऑफिस ऐरोलीला. तेव्हा नाइट शिफ्ट नवीनच लागली होती, संध्याकाळी ठाणे-वाशी लोकल पकडून जायचं आणि पहाटे चारला ऑफिसच्या कॅबने परत. एकदा लेडीज डब्यात समोरच्या काकू ठाणे सुटल्यापासून माझ्या हनुवटीकडेच बघत होत्या, ऐरोली यायच्या आत मुलतानी माती, रिकाम्या पोटी सब्जा आणि चंदन असे तीन उपाय सांगून झाले आणि मी उतरताना म्हणतात, "लग्न झालं ना की आपोआप जातात हं." माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती, मंगळसूत्र ओढणीखाली होतं एवढंच.

आधी मी सगळा दोष सोसायटीत येणाऱ्या टँकरच्या पाण्याला दिला. मग तेलकटाला. वडापाव बंद, भजी बंद, मामलेदारची मिसळ सहा महिने तोंडात घातली नाही, आता ठाण्यातल्या माणसाला विचार हे काय असतं ते. फरक शून्य. लिंबूही चोळून बघितलं, गालाची आग आग झाली आणि काळा डाग पडला तो वेगळाच, तू ते अजिबात करू नकोस.

शेवटी बहीण म्हणाली की काही सोडू नकोस, आठवडाभर नुसतं लिहून काढ काय काय पोटात जातं ते. ऑफिसच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं आणि ते पान बघून मलाच लाज वाटली. एका रात्रीत मशीनचे पाच चहा, त्यात साखर आधीच असते तरी वर माझी एक पुडी, प्रत्येक चहाबरोबर बिस्किटं, दोन वाजता कॅन्टीनचं सँडविच आणि कोल्ड कॉफी, आणि पहाटे घरी आल्यावर सासूबाईंनी प्रेमाने झाकून ठेवलेलं हळद-दूध, तेही वजन वाढू नये म्हणून फॅट काढलेलं. तेलकट त्यात जवळपास काहीच नव्हतं! म्हणजे मी इतके दिवस वड्याला शिव्या घालत होते आणि खरा गोंधळ पाव, साखर आणि दुधाचा होता.

नंतर डॉक्टरांनी हेच समजावलं. साखर, मैदा, पाव हे झटकन रक्तात उतरतं, इन्सुलिन वर जातं, त्याच्यापाठोपाठ आयजीएफ-१ नावाचं हार्मोन, आणि मग त्वचेतल्या ग्रंथी जास्त तेल सोडायला लागतात आणि छिद्रं बुजतात. म्हणजे चेहऱ्यावरचं तेल हे ताटातल्या तेलातून येत नाही. ऑस्ट्रेलियात ४३ तरुण मुलांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला होता, २००७ साली छापून आला, त्यात रक्तातली साखर हळू वाढवणारं जेवण ज्यांना दिलं त्यांचे पिंपल्स दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाले. आता ती सगळी १५ ते २५ ची मुलं आणि त्यांचं वजनही उतरलं होतं, त्यामुळे तो आपल्याला जसाच्या तसा लागू आहे असं मी म्हणणार नाही. दुधाचंही तसंच, बऱ्याच पाहण्यांमध्ये दुधाचा, त्यातही स्किम दुधाचा पिंपल्सशी संबंध दिसलाय, पण सगळ्यांनाच दुधाने होतं असं नाही. घरात कोणी जिमवाला असेल आणि त्याच्या डब्यातली व्हे प्रोटीन पावडर तू स्मूदीत घालत असशील तर ती मात्र आधी थांबवून बघ.

मी काय केलं तर, चहा दिवसाला दोन, बिनसाखरेचा, पहिले दहा दिवस डोकं भणभणलं मग सवय झाली. बिस्किटांच्या जागी भाजलेले चणे-शेंगदाणे. सकाळी ब्रेडऐवजी मुगाचं धिरडं नाहीतर रात्रीची उसळ. भात सोडला नाही, भाताशिवाय मला जेवल्यासारखं वाटतच नाही, पण वाटीभर भात आणि आमटी-भाजी दुप्पट असं उलटं केलं. हळद-दुधाचं सासूबाईंना सांगणं हेच सगळ्यात अवघड होतं, चार दिवस त्या नीट बोलल्या नाहीत, मग एके दिवशी स्वतःच ताक ठेवलं. ताक-दह्याने मला काही त्रास झाला नाही. आणि मे महिन्यात हापूस खाल्ला, हो, खाल्ला.

झोपेचा विषय तुला आवडणार नाही कदाचित. शिफ्ट बदलून दुपारी एक ते रात्री दहा मागून घेतली, त्यासाठी नाइट अलाउन्स सोडावा लागला आणि घरात त्यावरून बोलणीही झाली. पण दिवसा तुकड्यातुकड्यांत झोपायचे ती सलग सात तास झोपायला लागले आणि पाळीआधीचा जो हमखास उद्रेक असायचा तो पुढच्या दोन-तीन महिन्यांत निम्म्यावर आला. सकाळी उपवन तलावाला चालायलाही जायला लागले, त्याने पिंपल्स गेले का माहीत नाही, चिडचिड मात्र गेली.

अजून एक, डोक्याला खोबरेल चोपडून रात्रभर झोपायची सवय असेल तर बंद कर. माझ्या कपाळावरचे बारीक दाणे नुसत्या त्यानेच गेले. आता नहायच्या तासभर आधी लावते आणि उशीचा अभ्रा दर तीन दिवसांनी बदलते. आणि बी-१२ च्या गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील तर डॉक्टरांना सांग, काही जणांना त्यानेही पिंपल्स येतात.

आता औषधं नकोत म्हणतेस त्याबद्दल. तीन महिन्यांनी माझी गाडी अडली, जबड्याखाली तीन-चार गाठी हटेचनात. त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले, पाळी ३८-४० दिवसांनी येते म्हटल्यावर त्यांनी सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या सांगितल्या, पीसीओडी, म्हणजे अंडाशयांचा हार्मोनचा त्रास, आहे का बघायला. माझ्यात तसं काही निघालं नाही. पण तुझी पाळी मागेपुढे होत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील तर हे करूनच घे, नाहीतर तू आपली साखर सोडत बसशील आणि कारण भलतंच असेल. मला रात्री लावायला अडॅपलीन नावाचं पिंपल्सचं क्रीम दिलं, अख्ख्या चेहऱ्याला मिळून मटारएवढं, सकाळी सनस्क्रीन. पहिला महिना त्वचा सोलवटली आणि पिंपल्स उलट वाढल्यासारखे वाटले, तिथेच बहुतेक जणी सोडतात. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. बाळाचा विचार चालू असेल तर हे लावायचं नाही, डॉक्टरांना आधी सांगायचं.

मी दर रविवारी सकाळी त्याच खिडकीत उभी राहून फोटो काढायचे, कारण आरशात रोज बघून काही कळत नाही. आजही पाळीआधी डाव्या बाजूला एखादा येतो, मी हात लावत नाही, जातो.

तू सध्या चेहऱ्याला काय लावतेस ते लिहिलं नाहीयेस. घरी ट्यूब असेल तर तिच्या मागचे घटक वाच. बीटामेथाझोन, मोमेटाझोन, क्लोबेटासॉल यातलं एकही नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. मलाही एका मेडिकलवाल्याने असलीच ट्यूब दिली होती, आठ दिवसांत चेहरा काचेसारखा झाला आणि थांबवल्यावर लालबुंद होऊन दुप्पट पिंपल्स आले. खूप दिवस लावत असशील तर एकदम बंद करू नकोस, ट्यूब पर्समध्ये टाक आणि डॉक्टरांना नेऊन दाखव.