ऑरगॅनिक सेमीकंडक्टरमध्ये पीएचडी करावी का? ते सिलिकॉनची जागा घेणार का?

तू लिहिलंयस की एम.एस्सी. फिजिक्स झालंय, एका लॅबमध्ये ऑरगॅनिक, म्हणजे सिलिकॉनऐवजी कार्बनच्या प्लास्टिकसारख्या पदार्थांच्या, सोलर सेलवर जागा आहे, दुसरीकडे प्रकाशावर काम करणाऱ्या नॅनोपार्टिकलवर, आणि सगळे म्हणतायत की हे सिलिकॉनची जागा घेणार, औषधोपचारातही येणार, तर जाऊ का. (माझा धाकटा भाऊ तुझ्याच वयाचा आहे म्हणून अरेतुरे करतेय, राग मानू नकोस.)

सिलिकॉनची जागा घेणार नाही. गच्चीवर वीस-पंचवीस वर्षं ऊन-पाऊस खात पडून राहणारं पॅनल सिलिकॉनचंच असणार. हे मला पीएचडीच्या पहिल्याच वर्षी कुणी सांगितलं असतं तर प्रत्येक रिपोर्टच्या सुरुवातीला "स्वस्त, लवचिक, छापता येणारे" हे तीन शब्द पाच वर्षं चिकटवत बसले नसते.

आता मी हे का लिहितेय ते सांगते. मी पी-थ्री-एच-टी वर काम केलं. तुला माहीतच असेल, या फील्डमधला सगळ्यात घासून घासून गुळगुळीत झालेला पॉलिमर, उजेड शोषून वीज देणारं प्लास्टिकच म्हण. डायक्लोरोबेंझिनमध्ये विरघळवला की केशरी दिसतो, काचेवर फिरवून झाकून ठेवला की सुकता सुकता कडेकडेने जांभळा होत जातो, जांभूळ खाल्ल्यावर जिभेचा होतो ना तसला रंग. पहिल्यांदा ते बघताना मी मोबाइल बाजूला ठेवून दहा मिनिटं नुसती बघत बसले होते. नंतर शेकड्यांनी प्लेटा केल्या तरी त्या दहा मिनिटांचा कंटाळा कधी आला नाही, बाकी सगळ्याचा आला.

तर २०१४ चा ऑगस्ट, पुणे. पंधरा तारीख शुक्रवारी आणि सोमवारी दहीहंडी, म्हणजे लॅब चार दिवस रिकामी. गुरुवारी रात्री मी बारा प्लेटा, म्हणजे काचेवरचे छोटे सोलर सेल, संपवल्या, सगळ्यात चांगली ३.६ टक्के आली, म्हणजे पडलेल्या उजेडाची तेवढी वीज. आज ऑरगॅनिक सेल १९-२० टक्क्यांपर्यंत गेलेत त्यामुळे तुला हसू येईल, पण त्या वेळी या पॉलिमरला आमच्यासारख्या लॅबमध्ये एवढं म्हणजे पेढे वाटायचा आकडा. प्लेटा ग्लोव्हबॉक्समध्ये (नायट्रोजन भरलेली बंद पेटी, हातमोज्यांतून आत हात घालून काम करायचं) ठेवल्या आणि सांगलीला घरी गेले. नायट्रोजनचा सिलिंडर तळाला आलेला होता हे मला माहीत होतं, नवीन सिलिंडरची फाइल खरेदी विभागात तीन आठवडे पडलेली होती हेही माहीत होतं, पण म्हणलं चार दिवस निघतील. शनिवारी लाइट गेली, यूपीएसने तासभर दम काढला, मग सर्क्युलेशन बंद, आणि एका ग्लोव्हला बोटाच्या बेचक्यात सुईएवढं भोक होतं ते आम्हाला नंतर कळलं. मंगळवारी येऊन बघते तर पाण्याचा आकडा, जो ०.१ पीपीएमच्या (दहा लाखांत किती भाग) खाली असायला हवा, तो पाचशेच्या वर जाऊन अडकलेला. सेलच्या वरच्या अॅल्युमिनियमच्या इलेक्ट्रोडवर पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर येतात तसे ठिपके. मोजलं तर ०.४ टक्के, आणि करंट-व्होल्टेजच्या वक्राचा एस झालेला, म्हणजे सेल बिघडल्याची खूण.

सर ओरडले, ते ठीकच, चूक माझीपण होती. पण खरं भांडण पुढेच आहे. मी त्या मेलेल्या प्लेटा फेकल्या नाहीत, उलट्या करून उजेडात धरून बघितल्या. पॉलिमर होता तसाच जांभळा! अॅब्सॉर्प्शन घेतलं, म्हणजे तो कुठला रंग किती शोषतो ते मोजलं, तर गुरुवारच्या रेघेवर बरोब्बर बसलं. म्हणजे मेलं काय होतं, तर अॅल्युमिनियमचा काठ आणि खालचा पेडॉटचा थर (वीज वाहून नेणारा दुसरा पॉलिमर), जो मुळात आम्लधर्मी आणि मिठासारखं पाणी ओढून घेतो. पॉलिमरला पाण्याने काहीच केलं नव्हतं.

मी सरांना म्हणलं, सर, पाणी या पॉलिमरचं वाकडं करत नाही, वाकडं इलेक्ट्रोडचं होतं, तर वरचा धातू काढूनच टाकू या आणि हे पाण्यातच वापरून बघू या. आणि हे मी मनाचं बोलत नव्हते, २०११ मध्ये इटलीतल्या लोकांनी याच पॉलिमरच्या फिल्मवर उंदरांचे न्यूरॉन वाढवून त्यावर प्रकाश टाकून ते न्यूरॉन चेतवून दाखवले होते, वर धातू नाहीच, पेशींभोवतीचं खारं पाणी हाच दुसरा इलेक्ट्रोड. २०१३ मध्ये त्यांनीच आंधळ्या उंदराचा डोळ्याबाहेर काढलेला पडदा तसल्या फिल्मवर ठेवून तो उजेडाला परत प्रतिसाद देतो हे दाखवलं. प्रिंट काढून नेली होती मी. सर म्हणाले, "हे बायोवाल्यांचं काम आहे, आपण चार टक्के गाठू." आणि विषय संपला. चार टक्के मी गाठले, २०१५ च्या मार्चमध्ये, आणि जगात कुणाचंही त्यावाचून अडलेलं नव्हतं.

२०२० मध्ये त्याच इटालियन गटाने पी-थ्री-एच-टीचे नॅनोपार्टिकल करून आंधळ्या उंदरांच्या डोळ्याच्या पडद्यामागे टोचले. एका इंजेक्शनवर आठ महिने परिणाम टिकला. आठ महिने, ओल्या डोळ्यात! आणि आमच्या प्लेटा चार दिवस कोरड्या डब्यात टिकल्या नाहीत. मी ते वाचलं तेव्हा लॉकडाऊन होता आणि मी आईला भेंडी चिरून देत होते, सुरी खाली ठेवून अर्धा तास नुसती येरझाऱ्या घालत होते.

तर तुझा प्रश्न. मला विचारशील तर दुसरी जागा घे, प्रकाश-नॅनोवाली. पण तिथेही डोळे उघडे ठेव. कॅन्सरवरची प्रकाशाची ट्रीटमेंट काही नवीन नाही, फोटोफ्रिन नावाचं औषध, जे प्रकाश पडला की काम करतं, कॅनडात १९९३ मध्ये मंजूर झालंय, त्याला ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश लागतो आणि तो अंगात काही मिलिमीटरच जातो. मोबाइलचा टॉर्च बोटाखाली धर, लाल तेवढं पलीकडे येतं, निळं-हिरवं रक्तातच संपतं, सगळ्या फील्डची रड तेवढीच आहे. म्हणून सगळे ६५० ते ९५० नॅनोमीटरच्या, अंगात जास्त खोल जाणाऱ्या पट्ट्यात शोषणारं काहीतरी शोधतायत, सोन्याचे कवचवाले कण म्हण, नाहीतर पॉलिमरचे. जो गाइड तुला निळ्या प्रकाशावर काम करणारा कण दाखवून "ट्यूमर" म्हणेल त्याला आधी विचार की उजेड आत नेणार कसा. फायबरने, घशातून, असं काही सांगितलं तर ठीक, नुसतं हसला तर निघ.

ऑरगॅनिक वाईट आहे असं मी म्हणत नाहीये हां. तू हे ज्या फोनवर वाचतोयस त्याचा स्क्रीन बहुतेक ओएलईडी आहे, म्हणजे ऑरगॅनिक सेमीकंडक्टरचेच दिवे. १९८७ मध्ये कोडॅकमध्ये टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी दोन पातळ थरांचा दिवा केला तिथून ते इथवर आलं, आणि आलं कारण कुणीतरी पाणी बाहेर ठेवायच्या झाकणावर वर्षानुवर्षं मेहनत केली. ते काम कुणी कौतुकाने सांगत नाही.

आणि हो, उंदीर म्हणजे माणूस नाही, ते इंजेक्शन दवाखान्यात मिळत नाही. त्यात नेमकं काय घडतं, विद्युत की थोडीशी उष्णता, यावरही वाद झालेत. शिवाय पाणी चालतं म्हणून सगळं चालतं असंही नाही, ऑक्सिजन आणि ऊन एकत्र आले की हाच पॉलिमर फिका पडतो, माझी एक प्लेट खिडकीत राहिली होती तिचा रंग आता पातळ चहासारखा आहे. मी २०१६ मध्ये बाहेर पडले, आता एका कंपनीत कोटिंगचं काम करते, त्यामुळे आकडे ताजे बघून घे.

लॅब बघायला मात्र पावसाळ्यात जा. ग्लोव्हबॉक्सचा पाण्याचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघ, आणि तिथल्या मुलांना सर नसताना विचार की तुमच्याकडे अजून चालू असलेलं सगळ्यात जुनं डिव्हाइस किती दिवसांचं आहे. आमच्याकडे उत्तर असायचं अकरा दिवस. एक साडेचार महिने चाललेलंपण होतं, ते मी सरांना न सांगता काच आणि इपॉक्सीने बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. थीसिसमध्ये ते नाही.