त्र्याण्णव नोंदी

प्रिय बाळ,

रात्री दीड वाजता आलेला तुझा निरोप सकाळी वाचला. चौदा चौदा तास सेटवर, संवाद हातात पडतात ते शॉटच्या जरा आधी, आणि भूमिका तीच, दारात उभी राहून कुजकं बोलणाऱ्या नणंदेची. "एकदा हा शिक्का बसला की संपलंच, सर," असं लिहिलंयस. भीती खरी आहे. पण त्या भीतीपायी तू नणंद उरकायला लागली आहेस. कालचा भाग मी पाहिला. मला वाईट वाटलं ते त्याचं.

म्हणून आज तुला डेव्हिड सूशे यांच्याविषयी लिहितो. ब्रिटिश टेलिव्हिजनवर १९८९ ते २०१३ या काळात रहस्यकथाकार अगाथा ख्रिस्तीचा गुप्तहेर हर्क्यूल प्वारो त्यांनी केला. एकूण ७० भाग. तीच मिशी, तोच ताठ कॉलर. शिक्का म्हणायचा तर याच्याहून ठसठशीत कुठला असणार?

प्वारो वाट्याला आला तेव्हा ते बेचाळिशीचे होते. वडील लंडनमधले डॉक्टर, त्यांना मुलाचं नट होणं पसंत नव्हतं. लॅम्डा या लंडनच्या नाट्यशाळेत शिक्षण झालं आणि १९७३पासून रॉयल शेक्सपिअर कंपनीत शेक्सपिअर घोटून झाला. १९८५ साली एका टीव्हीपटात पीटर उस्तिनोव प्वारो होते आणि सूशे त्याच कथांमधला पोलीस, इन्स्पेक्टर जॅप. ते काम आपल्या कारकिर्दीतलं बहुधा सगळ्यात वाईट, असं त्यांनी स्वतःच सांगितलंय. तरी उस्तिनोव त्यांना म्हणाले, तू प्वारो छान करशील. पुढे खरंच विचारणा झाली तेव्हा थोरले भाऊ, बातम्या देणारे जॉन सूशे, म्हणाले, या भानगडीत पडूच नकोस, तो विदूषक आहे.

मग या माणसाने काय केलं? पुस्तकं काढून बसला. एकेक कथा वाचायची आणि प्वारोविषयी लेखिकेने जे जे म्हटलंय ते टिपून ठेवायचं. अशा ९३ नोंदी झाल्या. पहिलीच नोंद: बेल्जियन, फ्रेंच नव्हे! विमानप्रवास नकोसा, पोटात ढवळतं, हेही त्यात आहे. तो कागद सेटवर जवळ असायचा. पुस्तकात त्यांना विदूषक सापडला नाही. परक्या देशात आलेला, नीटनेटकेपणाला देव मानणारा, एकटा माणूस सापडला.

आवाजाचं बघ. सूशेंचा मूळ आवाज खर्जातला, छातीतून येणारा. प्वारो डोक्याने जगणारा, म्हणून आवाज वर, डोक्यात नेला. उच्चारासाठी बेल्जियममधल्या फ्रेंच बोलणाऱ्यांची ध्वनिमुद्रणं ऐकली. आणि चाल! चकचकीत, घट्ट बुटांत कोंबलेली पावलं आणि झपझप चाल, असं ख्रिस्तीने लिहून ठेवलंय. ती काही केल्या जमेना. मग थोर ब्रिटिश नट लॉरेन्स ऑलिव्हिए यांची एक युक्ती आठवली: दोन्ही कुल्ल्यांच्या मध्ये एक नाणं घट्ट धरायचं आणि ते पडू न देता चालायचं. घराच्या बागेत नाणं घेऊन हा शेक्सपिअरचा नट फेऱ्या मारत राहिला. हसू येतं ना? पण पडद्यावर त्या चालीला कुणी हसत नाही, विश्वास ठेवतं.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. पहिल्याच भागाच्या चित्रीकरणात प्वारो बागेतल्या बाकावर बसतो, एवढंच होतं. सूशेंनी खिशातून रुमाल काढला, बाक पुसला आणि रुमाल अंथरून मगच बसले. दिग्दर्शकाला ते हास्यास्पद वाटलं. सूशे हटेनात, कारण प्वारो आपल्या विजारीला डाग लागू देणारच नाही. काम अडलं. शेवटी निर्माते ब्रायन ईस्टमन यांना मध्ये पडावं लागलं. त्यांनी सूशेंच्या बाजूने कौल दिला. चित्रीकरण सुरू होण्यापूर्वी ख्रिस्तीची मुलगी रोझलिंड सूशेंना बजावून गेली होती की लोकांनी प्वारोबरोबर हसावं, प्वारोला हसू नये. हशा वसूल करायला मिशी पुरेशी होती गं. त्यांना तो नको होता.

हट्ट कुठे धरायचा, हे यातून घे. आपला क्लोजअप किती, संवाद किती, यासाठी नाही. रुमालासाठी. तोही आधी पुस्तक वाचून झाल्यावर.

आणि शिक्क्याचं म्हणशील, तर मालिका सलग चालत नव्हती. मार्च १९९७नंतर जानेवारी २०००पर्यंत नवा भागच लागला नाही. त्या मधल्या काळात ते रंगभूमीवर 'अमेडियस' नाटकातला संगीतकार सालिएरी करत होते, लंडनमध्ये आणि मग न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर. पुढे पडद्यावर वृत्तपत्रमालक रॉबर्ट मॅक्सवेल साकारला आणि २००८ साली आंतरराष्ट्रीय एमी हे टेलिव्हिजनचं पारितोषिक मिळवलं. एक भूमिका मन लावून केली म्हणून दुसरी करायची ताकद आटत नाही. उरकायची सवय मात्र सगळीकडे सोबत येते. हे मी माझ्याच शिष्यांत पाहिलंय, म्हणून जीव तुटतो.

प्वारोचा मृत्यू असलेला भाग त्यांनी शेवटच्या हंगामात सर्वांत आधी चित्रित करून घ्यायला लावला. सेटवरचा अखेरचा दिवस त्याच्या मरणाचा नको होता. जून २०१३मध्ये डेव्हनला, ख्रिस्तीच्या ग्रीनवे या घरी, जिवंत प्वारो चालत गेला आणि काम संपलं.

तुझ्या नणंदेमागे पुस्तक नाही, हे मला कळतं. रोज येणारी पानं आहेत, तीच तुझी संहिता. आतापर्यंतचे सगळे भाग काढ, वही घे आणि तिच्याविषयी जे जे बोललं गेलंय ते लिही. कुजकं बोलल्यावर ती वहिनीच्या तोंडाकडे बघते की हाताकडे? माहेरी राहतेय, तर स्वयंपाकघरात तिची ठरलेली जागा कुठली? काल तू दोनदा पदर खोचलास, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. ती नक्की कुठे खोचते?

रविवारी सुट्टी असेल तर वही घेऊन ये. वीस नोंदी झाल्या तरी चालतील.

तुझे,
सर