पत्ते चाळीस, फोन एकही नाही

"ताई, माझं वय ५४. दीड वर्षापूर्वी बदली होऊन या शहरात आलो, घरचे जुन्या गावीच आहेत. गेल्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ निघाली. डॉक्टर म्हणाले, 'अजून मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात. वजन उतरवा, चालत जा.' दोन मिनिटांत मी बाहेर. जिमची वर्षाची फी भरली, नऊ दिवस गेलो. गुडघाही दुखतो. चालणाऱ्यांचे गट, मोफत व्यायामवर्ग, आहारसल्ला असं बरंच काही असतं म्हणे. मोबाइलमध्ये चाळीसेक पत्ते साठवलेत, फोन एकालाही केला नाही. फुकटचं मागायला जायचं कसंतरीच वाटतं. नक्की कुठे जाऊ ते सांगाल का? रविवारी तर दिवसभर कोणाशी बोलणंही होत नाही.
– एक बदलीवाला"

बदलीवाले दादा,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटच्या ओळीवर अडले. साखर, गुडघा, जिम हे सगळं तुम्ही सविस्तर लिहिलंत. रविवारचं मात्र जाता जाता, दार ओढून घेताना बोलावं तसं लिहिलंत. माझ्या मते तुमचा शोध तिथून सुरू व्हायला हवा. यंत्रं तुम्हाला जिममध्ये मिळाली होती की! दहाव्या दिवशी तुम्ही गेला नाहीत, ते तिथे कोणाच्या लक्षातही आलं नसेल. तुम्ही आला नाहीत तर कोणीतरी विचारेल, अशी जागा शोधायची आहे.

हे मी मनाचं सांगत नाही. उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून अधिक माणसांवर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. एका गटाला मेटफॉर्मिन हे औषध दिलं. दुसऱ्या गटाला सांगितलं, वजन सात टक्के उतरवा आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करा. तिसऱ्या गटाला औषध नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी दिली. त्या गटाच्या तुलनेत मधुमेह होण्याचं प्रमाण औषधाने ३१ टक्क्यांनी घटलं आणि जीवनशैली बदलणाऱ्या गटात ५८ टक्क्यांनी. हे आकडे सगळे सांगतात. जीवनशैली बदलणाऱ्या गटातल्या प्रत्येकाला एक मार्गदर्शक दिलेला होता आणि पहिल्या सहा महिन्यांत तो सोळा वेळा भेटून 'कसं चाललंय?' विचारत होता, हे फारसं कोणी सांगत नाही. तुम्हाला सल्ला मिळाला, तो विचारणारा माणूस मिळाला नाही.

तर आता चाळीस पत्ते बाजूला ठेवा. पत्ते साठवले की काम झाल्यासारखं वाटतं, आणि तिथेच आपण फसतो. आधी त्याच दवाखान्यात परत जा, पण डॉक्टरांच्या खोलीत नाही. नर्स असतील किंवा नावनोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्या बाई असतील, त्यांना विचारा. मोठ्या रुग्णालयात मेडिकल सोशल वर्कर असतात. परिसरात काय चालतं, काय बंद पडलं, कुठे कोण चांगलं आहे, हे या मंडळींना पाठ असतं. इंग्लंडमध्ये तर यासाठी वेगळा माणूसच असतो. डॉक्टर रुग्णाला त्याच्याकडे पाठवतात आणि तो चालण्याचा गट, बागकाम, गाण्याचा वर्ग असं काहीतरी जुळवून देतो. 'लिंक वर्कर' म्हणतात त्याला. तुमच्याकडे तसं पद नसेल, पण ते काम न नेमता करणारं कोणीतरी जवळपास सापडतंच.

विचारताना 'तब्येतीसाठी काही आहे का?' असं मोघम विचारू नका, उत्तरही मोघमच येईल. 'माझी साखर उंबरठ्यावर आहे, गुडघा दुखतो, सकाळी सातच्या आधी किंवा रविवारी मला जमेल. जवळपास चालणारा गट किंवा खुर्चीत बसून करायचा व्यायामवर्ग आहे का?' एवढं बोललात की समोरच्याच्या डोळ्यांपुढे एखादं नाव येतं. मग त्या गटाला फोन लावा. फोनवर तीनच प्रश्न: कोणत्या दिवशी, किती वाजता, आणि पहिल्यांदा येणाऱ्याने कोणाला भेटायचं? तिसऱ्याचं उत्तर कोणाचं तरी नाव सांगून आलं तर डोळे मिटून जा. 'या ना कधीही' असं आलं तर पुढचा फोन लावा.

दुसरं ठिकाण वाचनालय. तिथल्या फलकाकडे एकदा नीट बघा. काही कागद पिवळे पडलेले, टाचणीला गंज चढलेला, तारीख दोन वर्षांपूर्वीची. ते सोडून द्या. एखाद्या कागदाच्या खालच्या कडेला फोन नंबरच्या पट्ट्या कापलेल्या असतात. त्यातल्या तीन-चार फाडून नेलेल्या दिसल्या, तारीख याच महिन्याची असली, तर तो गट जिवंत आहे असं समजा. मला माझा गट अशाच कागदावर सापडला. पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत गेले, लांबून सगळ्यांना हसताना पाहिलं आणि घरी परतले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी एका बाईंनी हात केला म्हणून जावंच लागलं. तेव्हा तुम्हीही तीनदा गेल्याशिवाय 'आपल्याला नाही जमत' म्हणायचं नाही.

'फुकटचं मागणं' हा शब्द मला खटकला. सार्वजनिक सेवा तुमच्या-माझ्या करातून चालतात. शिवाय असे वर्ग बंद पडतात ते बहुतेकदा माणसं येत नाहीत म्हणून. तुम्ही गेलात तर हजेरीपटावर एक नाव वाढेल, उपकार झालाच तर त्यांच्यावर होईल. जिथे फी असेल तिथे उत्पन्नानुसार सवलत आहे का, हे बेधडक विचारा. फुकटात सावध राहायचं ते वेगळ्याच ठिकाणी. मोफत तपासणी करून लगेच पावडरचा डबा पुढे करणारे, 'आधी आणि नंतर'चे फोटो दाखवणारे, चालू गोळ्या बंद करायला सांगणारे दिसले की चपला घाला आणि निघा.

गुडघ्याचं घोंगडं भिजत ठेवू नका. एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवा आणि काय टाळायचं ते विचारून घ्या. पाण्यात चालणं गुडघ्याला बऱ्याचदा सोसतं, कारण शरीराचा भार पाणी उचलतं. पोहण्याचा तलाव जवळ असेल तर तिथे चौकशी करा. १५० मिनिटांच्या आकड्याने दडपू नका, दहा मिनिटांपासून सुरू केलेलं चालतं. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. छातीत दुखलं किंवा भलताच दम लागला, तर मात्र गट-बिट सोडून तडक डॉक्टर.

आहारसल्ला सध्या राहू द्या. एका वेळी एकच दार ठोठवा. चालण्याचा गट बसला की तिथलंच कोणीतरी चांगल्या आहारतज्ज्ञाचं नाव सांगेल, बघा.

फोन उद्या दुपारी करा, सकाळच्या घाईत लोक धड बोलत नाहीत. आणि गटासाठी नवे बूट घेणार असाल तर आधी दोन-तीन दिवस घरात घालून फिरा. पहिल्याच रविवारी टाचेला फोड आला, तर दुसऱ्या रविवारी न जायला तुम्हाला कारण मिळेल, आणि ते मी ऐकून घेणार नाही.

– तुमची ताई