गोळीमुळेच आईची आठवण जाते आहे का?

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या कुटुंबीयांकडून एक शंका माझ्याकडे वारंवार येते, आणि ती बहुधा मनापासून सेवा करणाऱ्या, स्वतः वाचून समजून घेणाऱ्या माणसांची असते. एका ताईंच्या आईंना मध्यम अवस्थेतला अल्झायमर होता. ताईंनी पर्समधून मेमँटिन या अल्झायमरवरच्या औषधाची स्ट्रिप काढून टेबलावर ठेवली. तिच्यातल्या निम्म्याहून अधिक गोळ्या तशाच होत्या. "ग्लुटामेटच्या एनएमडीए रिसेप्टरमुळे आठवणी पक्क्या होतात आणि ही गोळी तेच रिसेप्टर अडवते, असं वाचलं. आई आता मला नावाने हाक मारत नाही. हे माझ्या हातून झालं का?"

त्यांनी वाचलेले खरे होते, पण अर्धे. ग्लुटामेट हे मेंदूतल्या पेशींमध्ये संदेश पोचवणारे रसायन आणि एनएमडीए रिसेप्टर म्हणजे तो संदेश घेणारे पेशीवरचे एक दार. एरवी या रिसेप्टरच्या मार्गात मॅग्नेशियमचा अडसर असतो. जोरकस संदेश आला की तो दूर होतो, कॅल्शियम पेशीत शिरते आणि पेशींमधली जोडणी बळकट होते. अल्झायमरमध्ये मात्र ग्लुटामेटचे सौम्य उत्तेजन सतत चालू राहते व कॅल्शियम झिरपत राहून पेशींना इजा होते, असे मानले जाते. अतिउत्तेजनाने चेतापेशी मरतात, ही कल्पना मेंदूचे अभ्यासक जॉन ओल्नी यांनी १९६९ मध्ये मांडली होती. मेमँटिनची पकड सैल आहे: ते ही झिरपण रोखते, पण खरा संदेश आला की चटकन बाजूला होते. केटामाइन हे औषधही हेच रिसेप्टर अडवते, पण त्याचा परिणाम इतका वेगळा की ते भूल देण्यासाठी वापरतात. हा फरक कळल्यावर ताईंचा चेहरा थोडा निवळला.

तरीही खोटी आशा दाखवणे मला कधीच पटत नाही. या औषधाने आजार थांबत नाही. मध्यम व तीव्र अवस्थेत काही रुग्णांना थोडा फायदा होतो, एवढेच. नाव विसरणे हे आजार पुढे सरकल्याचे लक्षण असू शकते, मात्र चक्कर येणे किंवा गोंधळ अचानक वाढणे डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवे, विशेषतः मूत्रपिंडाचा त्रास असेल तर.

गोळ्या बंद ठेवल्याचे त्यांनी डॉक्टरांना सांगितले नव्हते, रागावतील म्हणून. बरेच दिवस खंड पडला असेल तर एकदम पूर्ण मात्रा सुरू करायची नसते, त्यामुळे हे सांगणे आवश्यक होते. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. डॉक्टरांनी पुन्हा ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून दर आठवड्याला मात्रा वाढवायला सांगितले.