वाचकांचे प्रश्न : सेप्टिक टँक, शोषखड्डा आणि बोअर

प्रश्न : आठ वर्षांपूर्वी घर बांधताना सेप्टिक टँक बांधली, ती कधी तुंबली नाही, म्हणून उपसलीही नाही. या पावसाळ्यात मात्र शोषखड्ड्यातून पाणी वर येत आहे. बोअर खड्ड्यापासून तीस फुटांवर आहे. मिस्त्री टाकीत माणूस उतरवून सफाई करून देतो म्हणतो. काय करावे?
— एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : टाकीत कोणालाही उतरवू नका, हे सर्वांत आधी. मैल्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा वास येतो खरा, परंतु त्याचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास नाही म्हणून आत गेलेला माणूस जागीच कोसळतो. मे 2023 मध्ये तुमच्याच जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात सेप्टिक टँकची सफाई करताना पाच मजूर दगावले. सुरक्षा साधनांशिवाय असे काम करून घेणे हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने गुन्हा असून, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. मजूर राजी होता, ही सबब चालत नाही. मैला उपसणारी व्हॅक्यूम गाडी नगर परिषदेमार्फत मागवावी आणि ती मैला कुठे रिकामा करते, हेही विचारावे. गावाबाहेरच्या ओढ्यात ओतला, तर उपसण्याला अर्थ उरत नाही.

‘तुंबली नाही’ हा टाकी ठीक असल्याचा पुरावा नव्हे. सेप्टिक टँक वापरात आली की नेहमी भरलेलीच असते. आत जेवढे पाणी येते, तेवढेच बाहेर पडते. तळाचा गाळ वाढत गेला की मैला खाली बसायला वेळ मिळत नाही आणि तो पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जाऊन तिथली छिद्रे बुजवतो. त्यात आपली काळी माती पावसात फुगते आणि पाणी मुरूच देत नाही. म्हणून टाकी उपसली, तरी हा खड्डा पूर्ववत होईल असे मानू नका. यापुढे लांब बांबूला पांढरे फडके गुंडाळून, झाकणापासून तोंड दूर ठेवून, तो तळापर्यंत सोडावा. फडक्यावरचा गाळाचा काळा पट्टा पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशाला आला की गाडी बोलवावी. एरवी दोन-तीन वर्षांनी उपसणे योग्य. उपसल्यावर टाकी फिनेलने धुऊ नये, तळाशी थोडा गाळ राहू द्यावा. मैला कुजवणारे जिवाणू त्यातच असतात. छताची पन्हाळ टाकीत सोडली असल्यास ती आजच काढावी.

खरी काळजी बोअरची आहे. भारतीय मानकानुसार शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान 18 मीटर, म्हणजे सुमारे साठ फूट, आणि घरापासून 6 मीटर दूर हवा. मराठवाड्यातील काळ्या खडकात तेवढेही पुरेल असे नाही, कारण पाणी भेगांमधून न गाळताच वाहते. पाण्याची जिवाणू तपासणी करून घ्यावी, तोवर ते उकळून प्यावे, आणि जुना खड्डा बंद करून नवा बोअरपासून दूर, शक्यतो मुरमाच्या जागी घ्यावा. अंगणात तेवढी जागा नसेल आणि गल्लीत भुयारी गटार आलेले असेल, तर खड्ड्यावर खर्च न करता त्याची जोडणी घ्यावी.