वऱ्हाड नेमकं कोणाचं?

प्रश्न : आमच्याकडच्या जुन्या कागदांत एकाच गावाच्या वसुलात निजाम आणि नागपूरकर भोसले, दोघांचीही नावं आहेत. मग वऱ्हाडचा धनी कोण?
– एक वाचक, अकोट

उत्तर : कागद जपून ठेवा, ते बरोबरच सांगताहेत. धनी दोन होते, भरणारी रयत मात्र एकच.

1596 साली चांदबीबीने अहमदनगर वाचवण्यासाठी वऱ्हाड अकबराच्या मुलाला, मुरादला देऊन टाकलं आणि हा मुलूख मोगलांचा सुभा, म्हणजे प्रांत झाला. 1719 मध्ये बादशहाने दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई (वसुलाचा चौथा हिस्सा) आणि सरदेशमुखी (वर आणखी दहावा हिस्सा) शाहू महाराजांना लिहून दिली. त्या सहांत वऱ्हाडही होतं. पुढे 1724 मध्ये निजामुल्मुल्काने, म्हणजे हैदराबादच्या पहिल्या निजामाने, साखरखेर्ड्याला मोगल सुभेदार मुबारिझखानाला लोळवलं आणि तो दिल्लीच्या नावाने, पण स्वतःच्या मर्जीने कारभार करू लागला. म्हणजे सुभा निजामाचा, हक्काचा वाटा मराठ्यांचा. रघूजी भोसल्यांनी नागपुरात बस्तान बसवल्यावर त्यांचे कमाविसदार (वसुली अधिकारी) शेजारच्या वऱ्हाडात कायमचेच आले. एकाच मुलखावरच्या या दुहेरी अंमलालाच दुअंमल म्हणतात. इतिहासाच्या पुस्तकांत तो दोन ओळींत उरकतात, याचा मला राग आहे. दोन सरकारांचे शिपाई एकाच पाटलाच्या दारात उभे राहत, हे काय दोन ओळींचं प्रकरण आहे?

यात एलिचपूरच्या (आताच्या अचलपूरच्या) पठाण नवाबांना विसरू नका. बाळापूरला गेलात तर मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा किल्ला पाहा. औरंगजेबाच्या मुलाने, आझमशहाने सुरू केलेलं ते काम 1757 मध्ये नवाब इस्माईलखानाने पुरं केलं. नवाब निजामाचा माणूस, पण भोसल्यांशी जुळवून घेतल्याशिवाय त्याचंही चालत नसे.

1803 मध्ये आडगावची लढाई आणि गाविलगडचा किल्ला इंग्रजांनी जिंकला, देवगावच्या तहाने भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला आणि तो निजामाकडे गेला. दुअंमल तिथे संपला. मग 1853 मध्ये निजामासाठी ठेवलेल्या इंग्रजी फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब ताब्यात घेतले. 1860 मध्ये धाराशिव-रायचूर परत दिले, कापसाचं वऱ्हाड मात्र नाही. 1902 मध्ये वर्षाला 25 लाख रुपयांवर कायमचा पट्टाच (भाडेकरार) करून घेतला.

तरी कागदोपत्री मालकी निजामाचीच राहिली. 1936 मध्ये त्याच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ (बेरार म्हणजे वऱ्हाडच) हा किताब मिळाला, तेव्हा इथला शेतसारा मात्र नागपूरच्या सरकारी खजिन्यात जमा होत होता.